दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत ज्यू सैनिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंविषयी मराठीत जे काही वाचायला मिळते, त्यात ज्यू माणूस बहुधा छळछावणीच्या काटेरी तारेमागे उभा असतो. ते चित्र खरेच आहे, पण अपुरे आहे. त्याच वर्षांत त्याच समाजातील लाखो माणसे लाल सेनेच्या, म्हणजे सोव्हिएत सैन्याच्या, गणवेशात, हातात बंदूक घेऊन, स्टालिनग्राडपासून बर्लिनपर्यंत लढत होती. ज्या स्टालिनग्राडच्या लढाईवर आपल्याकडील शाहिरांनी पोवाडा रचला, त्या लढाईतही ती होती. शत्रूने या सैनिकांना ज्यू म्हणून वेचून मारले आणि त्यांच्या स्वतःच्या राज्यसत्तेने पुढे त्यांचे ज्यूपण उच्चारायचे टाळले. या विषयावर वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

लाल सेनेत किती ज्यू होते आणि त्यांपैकी किती मारले गेले?

१९४१ ते १९४५ या काळात सुमारे पाच लाख ज्यूंनी सोव्हिएत सैन्यात सेवा केली, असा अंदाज सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो. काही अभ्यासक हा आकडा थोडा कमी धरतात. १९३९च्या जनगणनेनुसार सोव्हिएत संघात सुमारे तीस लाख ज्यू होते, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहून कमी. पुढील वर्षभरात पोलंडचा पूर्वभाग, बाल्टिक देश आणि बेसराबिया सोव्हिएत ताब्यात आल्यावर हा आकडा पन्नास लाखांच्या आसपास गेला. परंतु या नव्या प्रदेशांतील ज्यूंपैकी फार थोड्यांना सैन्यात जाता आले, कारण २२ जून १९४१ रोजी जर्मन आक्रमण सुरू झाले तेव्हा हेच प्रदेश पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत पडले आणि भरतीचे कामच तेथे होऊ शकले नाही. शिवाय ‘पश्चिमेकडचे’ म्हणून या लोकांवर सरकारचा विश्वास नव्हता, त्यामुळे भरती झालेल्यांपैकीही अनेकांची रवानगी आघाडीऐवजी मजूर-तुकड्यांत झाली.

मृतांच्या अधिकृत सोव्हिएत लष्करी हिशेबात ज्यू सैनिकांची संख्या सुमारे १,४२,५०० आहे. युद्धकैदी म्हणून मारल्या गेलेल्यांची पूर्ण मोजदाद केल्यास ही संख्या आणखी वाढते, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. पदके आणि सन्मान मिळालेल्या ज्यू सैनिकांची संख्या एक लाख साठ हजारांहून अधिक आहे. ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च किताब सुमारे दीडशे जणांना मिळाला.

सोव्हिएत संघात धर्माला स्थान नव्हते. मग ‘ज्यू’ कोणाला म्हणत?

सोव्हिएत व्यवस्थेत ज्यू हा धर्म मानला जात नसे, ते एक ‘राष्ट्रीयत्व’ मानले जाई. १९३२ साली अंतर्गत पासपोर्ट, म्हणजे देशातल्या देशात वापरायची ओळखपत्रे, सुरू झाले. त्यात राष्ट्रीयत्वाचा एक रकाना असे. रशियन, युक्रेनी, तातार, आर्मेनियन यांप्रमाणेच तेथे ‘येव्रेई’, म्हणजे ज्यू, असे लिहिले जाई. शाळेच्या दाखल्यावरील जातीच्या रकान्याची मराठी वाचकाला येथे सहज आठवण होईल. मनुष्य प्रार्थनामंदिरात जातो की नाही, त्याला हिब्रू येते की नाही, याला या रकान्याच्या दृष्टीने काहीच महत्त्व नव्हते. आई-वडील ज्यू असले की मुलगाही ज्यू.

युद्धात गेलेल्या तरुणांपैकी पुष्कळ जण कम्युनिस्ट युवक संघटनेत वाढलेले, रशियनमध्ये शिकलेले आणि घरी आजीशी यिद्दिश, ही पूर्व युरोपीय ज्यूंची भाषा, बोलणारे होते. हिर्श या यिद्दिश नावाचा रशियन ग्रिगोरी झालेला होता आणि सैन्यात ज्यू धर्मगुरूंची व्यवस्था अजिबात नव्हती. स्वतःला आधी सोव्हिएत नागरिक समजणाऱ्या या मुलांना आपण ज्यू आहोत याची तीव्र जाणीव बहुधा युद्धानेच करून दिली.

ते स्वतःहून गेले की सक्तीने?

दोन्ही प्रकारे. सक्तीची भरती सर्वांनाच लागू होती. पण मॉस्कोत जुलै १९४१ मध्ये नागरिकांच्या स्वयंसेवी डिव्हिजन उभ्या राहिल्या, तेव्हा ज्यांना वयामुळे किंवा चष्म्यामुळे सूट होती असे ज्यू प्राध्यापक, अभियंते, वादक आणि विद्यार्थी आपणहून नाव नोंदवायला गेले. तुटपुंज्या शस्त्रांनिशी पाठवलेल्या या तुकड्यांपैकी अनेक ऑक्टोबरमध्ये व्याझ्माजवळच्या वेढ्यात नष्ट झाल्या.

ज्यूंची स्वतंत्र पलटण होती का?

नव्हती. तशी पलटण उभारण्याची परवानगी कधीच दिली गेली नाही. मात्र एका डिव्हिजनचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. डिसेंबर १९४१ मध्ये वोल्गाकाठच्या बालाख्ना येथे १६वी लिथुआनियन रायफल डिव्हिजन उभी करण्यास सुरुवात झाली. नावाने ती लिथुआनियन होती, परंतु जर्मन येण्यापूर्वी लिथुआनियातून पूर्वेकडे निसटलेल्यांमध्ये ज्यूंचे प्रमाण मोठे असल्यामुळे तिच्या लढणाऱ्या तुकड्यांत ते भरपूर होते. खंदकांत यिद्दिश ऐकू येत असे, आज्ञाही कधीकधी यिद्दिशमध्येच दिल्या जात आणि मेलेल्यांसाठीची ‘कादिश’ ही प्रार्थना म्हणणारेही तेथे होते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये ओरिओल भागातील अलेक्सेयेवका या गावाजवळ या डिव्हिजनला पहिल्यांदा लढाईत उतरवण्यात आले. खोल बर्फातून लांबचा पायी प्रवास करून आलेली, दमलेली आणि अर्धपोटी माणसे, तोफखान्याचा पुरेसा आधार नसताना, उघड्या मैदानातून पुढे ढकलली गेली आणि बर्फाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर मशीनगनच्या माऱ्याखाली कोसळली. ही लढाई ज्या पद्धतीने आखली गेली ती अक्षम्य होती, असे मला वाटते. उरलेल्यांनी डिव्हिजन पुन्हा उभी केली, ती त्या उन्हाळ्यात कुर्स्कच्या लढाईत टिकून राहिली आणि पुढे लिथुआनियात परतली. वोल्फ विलेन्स्की, कालमान शूर, हिर्श उश्पोल आणि बोरिस त्सिंदेलिस हे तिच्यातील चार ज्यू सैनिक ‘सोव्हिएत संघाचे वीर’ ठरले. त्सिंदेलिस यांना हा किताब मरणोत्तर मिळाला. परतलेल्यांपैकी बहुतेकांना आपापल्या गावी घरचे कोणीही भेटले नाही, कारण लिथुआनियातील ज्यूंपैकी बहुतेक सर्व जण तोवर मारले गेले होते.

जर्मनांच्या हाती सापडल्यास ज्यू सैनिकाचे काय होई?

त्याला ठार मारले जाई. सोव्हिएत युद्धकैद्यांची अवस्था एकूणच भीषण होती. पकडल्या गेलेल्या सुमारे ५७ लाखांपैकी सुमारे ३३ लाख उपासमार, थंडी, रोगराई आणि गोळीबार यांत मेले. परंतु इतर कैद्याला जगण्याची जी काही थोडीफार शक्यता होती, ती ज्यू कैद्याला नव्हती. १७ जुलै १९४१ च्या एका लेखी आदेशाने युद्धकैद्यांच्या छावण्यांत शिरून राजकीय अधिकारी (कमिसार) आणि ‘सर्व ज्यू’ शोधून काढण्याचे काम जर्मन सुरक्षा पोलिसांवर सोपवण्यात आले. कैद्यांना रांगेत उभे करून ‘ज्यू आणि कमिसार, पुढे या’ असे फर्मावले जाई. पुढे न येणाऱ्यांची चेहरा, उच्चार आणि शेवटी सुंता पाहून तपासणी होई. याच तपासणीमुळे सुरुवातीच्या महिन्यांत मध्य आशियातील आणि तातार मुस्लिम सैनिकही ज्यू समजून मारले गेले.

काही ज्यूंनी युक्रेनी, तातार किंवा आर्मेनियन नाव सांगून जीव वाचवला. त्यासाठी सोबतच्या कैद्यांनी तोंड बंद ठेवणे आवश्यक होते. काहींनी ते शेवटपर्यंत बंद ठेवले, तर काहींनी भाकरीच्या तुकड्यासाठी उघडले. पकडल्या गेलेल्या सुमारे ऐंशी हजार ज्यू युद्धकैद्यांपैकी फार थोडे वाचले.

या माहितीचा सैनिकांच्या वागण्यावर परिणाम झाला. वेढा पडला तर शरण जाण्याचा पर्याय आपल्यासाठी अस्तित्वातच नाही, हे ज्यू सैनिकाला ठाऊक होते. त्याच्या शौर्याचे वर्णन करताना ही वस्तुस्थिती विसरू नये.

अलेक्सांद्र पेचेर्स्की यांचे नाव वारंवार येते. ते कोण होते?

क्रेमेन्चुक येथे १९०९ मध्ये जन्मलेले आणि रोस्तोवमध्ये वाढलेले पेचेर्स्की लाल सेनेत लेफ्टनंट होते. संगीत आणि हौशी नाटके हे त्यांचे खरे वेड. ऑक्टोबर १९४१ मध्ये व्याझ्माच्या वेढ्यात ते पकडले गेले. पुढे वैद्यकीय तपासणीत ते ज्यू असल्याचे उघड झाले, तेव्हा त्यांना मिन्स्कच्या छावणीत डांबण्यात आले आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इतर ज्यू कैद्यांबरोबर रेल्वेने सोबिबोर या मृत्युछावणीत नेण्यात आले. त्या गाडीतील बहुतेकांना त्याच दिवशी विषारी वायूने मारण्यात आले. सुमारे ऐंशी जणांना बांधकामासाठी बाजूला काढले, त्यांत पेचेर्स्की होते.

सोबिबोरमध्ये आधीपासून असलेले पोलिश ज्यू कैदी सुटकेच्या योजना आखत होते, पण लष्करी अनुभव असलेला माणूस त्यांच्याकडे नव्हता. लिऑन फेल्डहेंडलर हे त्यांचे पुढारी पेचेर्स्कींना भेटले आणि अवघ्या तीन आठवड्यांत उठाव उभा राहिला. १४ ऑक्टोबर १९४३ च्या दुपारी एकेका जर्मन अधिकाऱ्याला नवा कोट किंवा बूट मापायला म्हणून शिंप्याच्या आणि चांभाराच्या खोलीत बोलावण्यात आले. अधिकारी ठरल्या वेळी येतील, या जर्मन वक्तशीरपणावरच सगळी योजना उभी होती, आणि ते आले. लपवून ठेवलेल्या कुऱ्हाडींनी सुमारे अकरा जणांना संपवल्यानंतर छावणीतील सुमारे सहाशे कैद्यांपैकी तीनशे जण तारा आणि सुरुंगांची पट्टी ओलांडून जंगलात पळाले. त्यांपैकी युद्धाअखेर जिवंत राहिले ते सुमारे पन्नास.

पेचेर्स्की आधी पार्टिझनांत, म्हणजे गनिमी तुकड्यांत, आणि नंतर पुन्हा लाल सेनेत गेले. परंतु शत्रूच्या कैदेत राहिलेला प्रत्येक जण सोव्हिएत नजरेत संशयित असे. त्यांना चौकशीनंतर शिक्षेदाखल चालवल्या जाणाऱ्या हल्ला-बटालियनमध्ये पाठवण्यात आले आणि तेथे ते गंभीर जखमी झाले. युद्धानंतर नाझी गुन्हेगारांच्या खटल्यात परदेशी जाऊन साक्ष देण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. १९९० मध्ये रोस्तोवमध्ये त्यांचे निधन झाले. रशियाने शौर्यपदक दिले ते २०१६ मध्ये, मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी.

त्यांच्याच गटातील सेम्यॉन रोझेनफेल्ड हेही निसटून पुढे लाल सेनेत परतले आणि बर्लिनपर्यंत पोहोचले. राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदभवनाच्या, भिंतीवर त्यांनी तीन शब्द कोरले : बारानोविची, सोबिबोर, बर्लिन.

ज्यू स्त्रियाही आघाडीवर होत्या का?

होत्या, डॉक्टर, परिचारिका, तारयंत्र चालवणाऱ्या, दुभाष्या, नेमबाज आणि वैमानिकही. सर्वांत परिचित नाव पोलिना गेलमान यांचे आहे. बेर्दिचेव येथे जन्मलेल्या आणि गोमेलमध्ये वाढलेल्या पोलिना यांना उड्डाण क्लबमध्ये शिकताना उंची कमी पडली, म्हणून वैमानिक होता आले नाही. पण मॉस्को विद्यापीठात इतिहास शिकत असताना युद्ध सुरू झाले तेव्हा त्या दिशादर्शक म्हणून स्त्रियांच्या रात्रीच्या बॉम्बफेकी रेजिमेंटमध्ये दाखल झाल्या. लाकूड आणि कापड यांपासून बनवलेले, शेतावर औषध फवारण्यासाठी वापरले जाणारे पो-२ हे त्यांचे विमान. युद्धाचा बराच काळ त्यांच्याजवळ हवाई छत्रीही नव्हती. जर्मन सैनिक या मुलींना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणत. पोलिना यांनी अशी ८६० उड्डाणे केली आणि १९४६ मध्ये त्यांना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला. गोमेलमधील त्यांची बालमैत्रीण गालिना दोकुतोविच याच रेजिमेंटमध्ये १९४३ साली विमान पडून मरण पावली. पोलिना यांनी आपल्या मुलीचे नाव गालिना ठेवले.

गोमेलमध्येच जन्मलेल्या येलेना र्झेव्स्काया सैन्यात जर्मनच्या दुभाष्या होत्या. मे १९४५ मध्ये बर्लिनमध्ये हिटलरचा जबडा आणि दात ठेवलेली एक पेटी सांभाळण्यासाठी त्यांच्या हाती दिली गेली. विजयाच्या रात्री सर्वत्र आनंद चालला असताना ती पेटी काखेत धरून त्या वावरत होत्या, आणि त्याविषयी बोलण्याची त्यांना मनाई होती.

वरिष्ठ अधिकाऱ्यांत ज्यू होते का?

सेनापती आणि नौसेनापती या दर्जाचे सुमारे तीनशे ज्यू अधिकारी होते. याकोव क्रेइझेर यांनी जुलै १९४१ मध्ये, सगळीकडे माघार चालू असताना, बेरेझिना नदीवर बोरिसोवजवळ जर्मन सेनापती गुडेरियनच्या रणगाड्यांना मॉस्कोच्या रस्त्यावर अडवून धरले आणि त्याच महिन्यात त्यांना ‘वीर’ किताब मिळाला. सेम्यॉन क्रिवोशेइन यांच्या आयुष्यात तर इतिहासाचा सारा विरोधाभास सामावला आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये, हिटलर आणि स्टालिन यांचा करार ताजा असताना, ब्रेस्त शहराच्या हस्तांतरणाच्या वेळी हा ज्यू सेनाधिकारी गुडेरियनच्या शेजारी उभा राहून जर्मन तुकड्यांचे संचलन पाहत होता. १९४५ मध्ये त्याचेच यांत्रिक दल बर्लिनमध्ये शिरले.

याकोव स्मुश्केविच यांची कहाणी वेगळ्या प्रकारे वेदनादायक आहे. स्पेन आणि मंगोलियातील खाल्खिन गोल येथील लढायांतल्या कामगिरीसाठी दोनदा ‘वीर’ ठरलेल्या या वायुसेनाधिकाऱ्याला जून १९४१ मध्ये रुग्णालयातून अटक झाली आणि २८ ऑक्टोबर रोजी, जर्मन मॉस्कोच्या दिशेने येत असताना, कुइबिशेवजवळ खटल्याविना गोळ्या घालण्यात आल्या. १९५४ मध्ये त्यांना निर्दोष ठरवण्यात आले. ज्यू असल्यामुळे ही शिक्षा झाली असे म्हणता येत नाही. स्टालिनच्या त्या शुद्धीकरण मोहिमेत सर्व राष्ट्रीयत्वांचे अधिकारी बळी पडले.

आपल्या कुटुंबांचे काय झाले, हे या सैनिकांना केव्हा कळले?

बहुतेकांना ते आपले गाव मुक्त झाल्यावर, स्वतःच्या डोळ्यांनी कळले. पत्रे येणे १९४१ च्या उन्हाळ्यात थांबलेले असे. १९४३-४४ मध्ये सैन्य युक्रेन आणि बेलारूसमधून पश्चिमेकडे सरकू लागले, तेव्हा दोन दिवसांची रजा मागून सैनिक आपल्या घरी जात. दारात अनोळखी माणूस उभा असे, आईची उशी किंवा शिवणयंत्र शेजाऱ्याच्या घरात दिसे आणि गावाबाहेरच्या ओढ्याकडे बोट दाखवले जाई. मग तो सैनिक पुन्हा आपल्या तुकडीत परते.

वासिली ग्रॉसमन हे सैन्याच्या ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या वृत्तपत्राचे वार्ताहर. स्टालिनग्राडचे वार्तांकन करून ते नावाजले गेले. त्यांची आई बेर्दिचेवमध्ये अडकली होती आणि सप्टेंबर १९४१ मध्ये तेथील ज्यूंबरोबर मारली गेली. जानेवारी १९४४ मध्ये ग्रॉसमन त्या गावात पोहोचले. पुढे १९५० आणि १९६१ मध्ये त्यांनी मृत आईच्या नावे दोन पत्रे लिहिली. रणगाडा ब्रिगेडचे सेनापती आणि दोन वेळा ‘वीर’ ठरलेले दाविद द्रागुन्स्की यांचेही आई-वडील गावी मारले गेले. राइशस्टागवर लाल झेंडा फडकवणाऱ्या सैनिकाचे जगप्रसिद्ध छायाचित्र २ मे १९४५ रोजी टिपणारे येव्गेनी खाल्देई हेही ज्यू, आणि त्यांचे वडील व बहिणी जर्मनांनी मारल्या होत्या. तो झेंडा मॉस्कोतील एका शिंपी नातलगाने लाल टेबलक्लॉथ शिवून बनवलेला होता.

सोव्हिएत सैन्यात ज्यूद्वेष होता का?

खंदकात तो कमी जाणवे, असे बहुतेक जुने सैनिक सांगत, आणि मागच्या प्रदेशात जास्त. लाखो नागरिकांबरोबर ज्यू कुटुंबेही मध्य आशियात स्थलांतरित झाली, त्यावरून ‘ज्यूंनी युद्ध ताश्कंदमध्ये लढले’ हा टोमणा निघाला. वर दिलेले आकडे पाहिले की हा टोमणा किती खोटा होता हे कळते. तरीही तो चाळीस वर्षे टिकला, कारण आकडे छापलेच जात नव्हते. १९४३ मध्ये ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’चे ज्यू संपादक दाविद ऑर्तेनबर्ग यांना पदावरून दूर करण्यात आले.

युद्धानंतर सरकारने त्यांना कसे वागवले?

व्यक्ती म्हणून पदके आणि निवृत्तिवेतन मिळाले. समाज म्हणून मात्र मौन वाट्याला आले. १९४२ मध्ये सरकारनेच स्थापन केलेल्या ज्यू फॅसिझमविरोधी समितीचे अध्यक्ष, नटश्रेष्ठ सोलोमन मिखोएल्स यांचा जानेवारी १९४८ मध्ये मिन्स्क येथे अपघाताचा देखावा करून खून करण्यात आला. १२ ऑगस्ट १९५२ रोजी समितीशी संबंधित तेरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. मिखोएल्स यांचे चुलतभाऊ मिरोन वोव्सी युद्धकाळात लाल सेनेचे मुख्य वैद्य होते. जानेवारी १९५३ मध्ये नेत्यांना विष देण्याचा कट केल्याचा आरोप ज्या डॉक्टरांवर ठेवला गेला, त्यांत त्यांचेही नाव होते. मार्चमध्ये स्टालिन मेला आणि एप्रिलमध्ये हे डॉक्टर सुटले. खाल्देई यांची नोकरी १९४८ मध्येच गेली होती.

सामूहिक कबरींवरील फलकांवर ‘शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक’ असे लिहिले जाई. कीवजवळच्या बाबी यार येथे सप्टेंबर १९४१ च्या अखेरीस दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले गेले, पण १९७६ मध्ये तेथे उभारलेल्या स्मारकावर ‘ज्यू’ हा शब्द नव्हता. ज्या सैनिकाने आपल्या गावच्या कबरीवर स्वतःच्या खर्चाने दगड बसवायचे ठरवले, त्यालाही दगडावर काय कोरावे यासाठी अधिकाऱ्यांशी भांडावे लागे.

कोकणातील बेने इस्रायलींशी यांचा काही संबंध आहे का?

वंशाने किंवा भाषेने नाही. हे सैनिक पूर्व युरोपीय, यिद्दिश परंपरेतले होते. भेट झाली ती खूप उशिरा आणि इस्रायलमध्ये. १९८९ नंतर पूर्वीच्या सोव्हिएत संघातून सुमारे दहा लाख लोक तेथे स्थलांतरित झाले आणि अश्दोद, बेरशेबा यांसारख्या ज्या शहरांत मराठी बोलणारी बेने इस्रायली कुटुंबे आधीपासून राहत होती, तेथेच त्यांतील अनेक जण स्थायिक झाले. तेथे ९ मे रोजी छातीभर पदके लावलेल्या वृद्धांचे संचलन निघत असे. नेतान्या येथे २०१२ मध्ये लाल सेनेच्या विजयाचे स्मारक उभे राहिले आणि २०१७ मध्ये इस्रायलने ९ मे हा विजयदिन कायद्याने मान्य केला.

एखाद्या सैनिकाची मूळ नोंद कोठे पाहता येते?

रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने ‘पॉद्विग नारोदा’ आणि ‘पाम्यात नारोदा’ या संकेतस्थळांवर युद्धकाळातील लक्षावधी कागदपत्रे चित्ररूपात ठेवली आहेत. शोध रशियन लिपीत घ्यावा लागतो. इस्रायलमधील लात्रुन येथे दुसऱ्या महायुद्धातील ज्यू सैनिकांना वाहिलेले संग्रहालय आहे. नावांच्या बाबतीत सावध राहावे, कारण एकाच माणसाचे नाव पासपोर्टवर, सैन्यात आणि घरी वेगवेगळे असू शकते, आणि आडनावावरून काढलेला निष्कर्ष अनेकदा चुकतो. त्याऐवजी पदकासाठी भरलेला शिफारसपत्राचा कागद उघडावा. त्यावर जन्मवर्ष, भरतीचे ठिकाण आणि जखमांची नोंद यांच्याबरोबर राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो, आणि तुकडीच्या कारकुनाने तेथे ‘येव्रेई’ असे लिहून ठेवलेले असते.